सर, उद्या माझा तास बघायला येता का?

काही वर्षांपूर्वी साहेब शाळा तपासायला येणार असल्याचा निरोप आदल्या दिवशी आला. मग मी काय केलं? जो धडा शिकवून झाला होता, ज्याची उत्तरं लेकरांना तोंडपाठ होती, तोच त्या दिवशी पुन्हा काढला. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोरगी उठून म्हणाली, "सर, हे तर कालच झालं की ओ." साहेब हसले, मीही हसलो, शेरेबुकात "अध्यापन समाधानकारक" असं लिहून आलं आणि चहा झाला.

त्या शेऱ्यानं माझं काही बिघडलं नाही, काही सुधारलंही नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत, चार वर्षांपूर्वीपर्यंत, माझ्या वर्गात बरीच मोठी माणसं येऊन बसली. पण मी स्वतः बोलावलं म्हणून आलेलं त्यात एकही नव्हतं. परभणी जिल्ह्यातली आमची शाळा सातवीपर्यंतची, शिक्षक पाच. पाचही जण वर्षानुवर्षं एकाच व्हरांड्यात जेवतो, एकमेकांच्या लेकरांच्या लग्नाला जातो, पण शेजारच्या भिंतीपलीकडं गणित कसं शिकवतात ते कुणी बघितलेलं नव्हतं. बघायचं कशाला, असाच सगळ्यांचा सूर.

गेली चार वर्षं आम्ही तिघं आळीपाळीनं एकमेकांना वर्गात बोलावतो. ते कसं जमवलं आणि कुठं फसलं ते इथं लिहितो. तुम्हाला उद्यापासून करायचं असेल तर करता यावं, एवढ्या बेतानं.

आधी तपासणी डोक्यातून काढा

आपल्याला पाठ बघायची सवय लागते ती डीएड-बीएडला. सराव पाठ, मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले मित्र आणि ठरलेले रकाने: प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, आवाजातला चढउतार. मित्राचा पाठ कसाही होवो, आपण "फलकलेखन ठळक हवे" असं लिहून मोकळे व्हायचो, कारण उद्या त्याच्याही हातात आपली वही असायची. ती सवय पुढं नोकरीत शेरेबुकानं पक्की केली. दोन्हीत बघणाऱ्याची नजर गुरुजींवर आणि शेवटी एक निकाल.

सहकाऱ्याला बोलावताना हे दोन्ही उलटं करायचं. नजर लेकरांवर ठेवायची आणि निकाल द्यायचाच नाही. शिकवणाऱ्याला शिकवता शिकवता जे दिसूच शकत नाही तेवढं त्याला आणून द्यायचं. फळ्याकडं तोंड करून लिहिताना पाठीमागं काय चाललंय ते जगातल्या कुठल्याच गुरुजीला दिसत नाही, मग तो आदर्श शिक्षक पुरस्कारवाला का असेना.

इथं एक कबुली देतो. "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" या सरकारी शैक्षणिक कार्यक्रमाचा शासन निर्णय २२ जून २०१५ चा. त्या दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या भागातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. आम्हीही जीप करून गेलो. तिथं लेकरं आखलेल्या फरशीवर बसून आपापलं शिकताना बघितली, भारावून परत आलो आणि काय केलं, तर वर्गाची फरशी रंगवली. तिथल्या शिक्षकांनी कोणत्या अडचणीपायी ती फरशी तशी आखली, हे विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्याचं चांगलं बघून वस्तू उचलून आणता येते. आपलं कुठं अडतंय ते मात्र आपल्याच वर्गात, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागतं.

कुणाला बोलावायचं

तुमचा गोपनीय अहवाल ज्यांच्या हाताखालून जातो त्यांना पहिल्यांदा बोलावू नका. मुख्याध्यापक कितीही मोकळे असले तरी हात जरा आखडतोच. अगदी जिवलग मित्रही नको, तो "भारी झाला की" म्हणून खांद्यावर हात टाकेल. ज्याच्यासमोर चूक झाली तर दुसऱ्या दिवशी डबा उघडून सोबत बसायला जड जाणार नाही, असं माणूस शोधा. विषय तोच असला पाहिजे असं नाही. माझं गणित पहिल्यांदा बघितलं ते पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या मॅडमनी. गणिताचा माणूस असता तर तो माझ्या रीतीत गुंतला असता. मॅडम लेकरांत गुंतल्या.

आणि विचारताना उलटं विचारू नका. "मॅडम, मी तुमचा तास बघायला येऊ का?" या प्रश्नात कितीही साखर घाला, समोरच्याला तपासणीचाच वास येतो. "माझा तास बघायला येता का? माझं एक अडलंय" असं म्हटलं की गोष्टच वेगळी होते. दोन वर्षं मी पहिला प्रश्न विचारत होतो आणि लोक माझ्याशी सहकार्य करत नाहीत म्हणून कुरकुरत होतो.

काय बघायला सांगायचं: सगळ्यात मोठं काम

"माझा तास कसा होतो ते सांगा" असं म्हणालात तर "छान होतो" असंच उत्तर मिळेल. बोलावण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहा. एकच. तो जेवढा बारीक, तेवढं हाताला काही लागतं. आम्ही आजवर एकमेकांना दिलेल्यातले काही असे:

माझे प्रश्न कोणाकोणाला जातात? प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबतो? गटात बसवल्यावर खिडकीजवळच्या गटातली चौघं खरंच धड्याचं बोलतात का? मी "समजलं का?" म्हटल्यावर कोण हो म्हणतं आणि त्या वेळी त्यांच्या वहीत काय असतं? हातच्याची वजाबाकी करताना ही तीन लेकरं नेमकी कुठं अडकतात?

या एकाही प्रश्नाचं उत्तर "चांगलं" किंवा "वाईट" असं देता येत नाही, ते मोजून किंवा बघून द्यावं लागतं. प्रश्न बरा पडलाय का हे ओळखायची आमची खूण तीच.

थांबण्याचा प्रश्न हलका समजू नका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं तर लेकरांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी कमी होतात आणि एरवी न बोलणारी बोलायला लागतात. मी हे वाचून "आपण तर थांबतोच" म्हणालो होतो. सहकारी सरांनी मागं बसून मनात सावकाश आकडे मोजले. बहुतेक वेळा त्यांचा "दोन" व्हायच्या आत मीच उत्तर सांगून टाकलेलं होतं.

वीस मिनिटं काढायची कुठून

"आम्हाला वेळच नाही" हे खोटं नाही. पोषण आहार, ऑनलाइन माहिती, बैठका, त्यात दोन-दोन वर्ग एकाच शिक्षकाकडं. पण पूर्ण तास लागत नाही. प्रश्न बारीक असला की वीस मिनिटं पुरतात.

आमच्याकडं चाललेल्या वाटा अशा. मॅडमच्या पहिली-दुसरीला मुख्याध्यापक वीस मिनिटं गोष्ट सांगतात, त्यांनाही ते आवडतं. नाहीतर खेळाचा तास असेल तेव्हा दोन वर्ग मैदानावर एका शिक्षकाकडं. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी सुटल्यावर बोलायलाही वेळ मिळतो. दोन शिक्षकी शाळेतल्या एका मित्रानं वेगळीच शक्कल लढवली. त्याच्या जोडीदार बाई आपली लेकरं पाटी-वहीसकट घेऊनच त्याच्या वर्गात येतात, त्यांना मागं लिहायचं काम लावतात आणि बघत बसतात. गोंधळ होतो, पण होतं. काहीही करा, वर्ग एकटा सोडून जाऊ नका आणि मुख्याध्यापकांना आधी तोंडी सांगून ठेवा. एखादं लेकरू पडलं-झडलं तर "सर शेजारच्या वर्गात बघत बसले होते" हे वाक्य गावात फार वाईट ऐकू येतं.

काळवेळही बघा. जूनमध्ये शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात नको, अजून लेकरांची नावंच बसलेली नसतात. बीड-धाराशिवकडं आणि आमच्याकडच्याही काही गावांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की वर्ग निम्मा होतो. कोणी हंगामी वसतिगृहात राहतं, कोणी आईबापाबरोबर फडावर जातं. ठरावीक लेकरांवर लक्ष ठेवायचं असेल तर ते ऑगस्ट-सप्टेंबरात उरका. आणि तीच लेकरं फडावरून परत येतात त्या दिवसांत मुद्दाम कुणाला तरी बोलवा. परत आलेलं लेकरू वर्गात कुठं बसतं, कोणाच्या वहीत बघतं, किती दिवसांनी तोंड उघडतं, हे आपण शिकवताना बघूच शकत नाही. मला विचाराल तर वर्षातलं एकच निरीक्षण करायचं असेल तर ते करा.

आदल्या दिवशीची दहा मिनिटं

तास बघण्याआधी दोघांनी बसून चार गोष्टी ठरवायच्या. प्रश्न कोणता, ते कागदावर. कोणती लेकरं बघायची, त्यांची जागा दाखवून. पाहुण्यानं मध्ये बोलायचं नाही, हे स्पष्ट. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी पहिल्याच वेळी भागाकार चालू असताना "द्या बरं खडू" म्हणून फळा ताब्यात घेतला. लेकरांना मजा आली, माझं तोंड एवढंसं झालं. चूक माझी, आधी बोललो नव्हतो. चौथी गोष्ट, कागद कोणाचा? ज्याचा तास, त्याचा. शेवटी तो त्याच्याच हातात द्यायचा, झेरॉक्स नाही, फोटो नाही.

फोटोवरून आठवलं. आपल्याकडं कोणतंही चांगलं काम संध्याकाळपर्यंत "नावीन्यपूर्ण उपक्रम" म्हणून ग्रुपवर पडतं. हे टाकू नका. एकदा फोटो काढायचा ठरला की शिकवणारा फोटोसाठी शिकवतो, बघणारा फोटोसाठी बघतो. मोबाईलवर तास रेकॉर्ड करून दोघांनी नंतर बघणं उपयोगी पडतं, पण त्यात लेकरांचे चेहरे असतात हे विसरू नका. बघून झालं की पुसून टाका.

लेकरांनाही सांगायचं असतं. न सांगता कुणी आलं की सगळा वर्ग उभा राहून एका सुरात नमस्ते म्हणतो आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. मी सकाळी परिपाठानंतर सांगतो, "आज मॅडम माझं शिकवणं बघायला येणारेत. माझं कुठं चुकतंय ते त्या लिहून घेणार. तुम्ही आपलं काम करायचं." पहिल्यांदा एका पोरानं विचारलं, "सर, तुम्ही नापास झाले तर?" आता सवय झालीय, मान वर करून बघतही नाहीत.

बसायचं कुठं, लिहायचं काय

समोर टेबलाजवळ खुर्ची टाकून बसवू नका. लेकरांना वाटतं साहेब आले. सगळ्यात मागंही नको, मागून फक्त शिकवणारा आणि लेकरांच्या शेंड्या दिसतात. जागा म्हणजे बाजूची भिंत, वर्गाच्या पुढच्या निम्म्या भागात, सतरंजीवर. तिथून चेहरे दिसतात, वह्याही दिसतात. चहा तास संपल्यावर.

प्रश्न कोणाकोणाला जातात हे बघायचं असेल तर कोऱ्या कागदावर बैठकीचा नकाशा काढायचा. लेकरं जशी बसलीत तसे चौकोन. नाव घेऊन प्रश्न विचारला की त्या चौकोनात एक रेघ, लेकरानं आपणहून विचारलं तर एक फुली, सगळ्या वर्गाला मिळून विचारलं तर कागदाच्या कडेला रेघ. बस्स. याला कोणतंही प्रशिक्षण लागत नाही.

बाकी वेळी कागदाला उभी रेघ मारून दोन भाग करायचे. डावीकडं वेळ आणि जे घडलं ते, शक्यतो त्याच शब्दांत. उजवीकडं मनात आलेला प्रश्न. विशेषण आलं की खोडायचं. "मुलं निष्क्रिय होती" हे कोणाचं तरी मत झालं. "१०.५२. दाराजवळची दोघं पेन्सिलीला टोक करताहेत, सहा मिनिटं झाली" हे मात्र डोळ्यांनी बघितलेलं आहे. ही सवय लागायला मला चार-पाच वेळा लागल्या. आपलं बोट आपोआप शेऱ्याकडं वळतं.

माझ्या पहिल्या तासाचा कागद अजून माझ्याकडं आहे. चौथीचा वर्ग, त्या दिवशी हजर ३१. पंचवीस मिनिटांत मी ३८ प्रश्न विचारले होते. त्यातले १७ सगळ्यांना मिळून, म्हणजे ज्यांना येतं ते ओरडणार. नाव घेऊन २१. त्या २१ मधले १६ प्रश्न सहाच लेकरांना आणि उरलेले पाच आणखी चौघांना. एकवीस चौकोन कोरे. दाराजवळच्या अख्ख्या रांगेत एक रेघ नव्हती. मी स्वतःला "सगळ्यांना बोलतं करणारा शिक्षक" समजत होतो. भाषणात तसं सांगितलंही होतं.

पण त्याहून मला लागलं ते कागदाच्या खालच्या कोपऱ्यातलं. फळ्यावर ५०३ वजा १६७ होतं. मॅडमनी लिहिलं होतं: "दुसऱ्या रांगेतलं कडेचं पोरगं. ३ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून ३ काढले, ४. ० मधून ६ जात नाहीत म्हणून ६ मधून ०, ६. शेवटी ५ मधून १, ४. उत्तर ४६४. फळ्यावर ३३६ आल्यावर हात आडवा धरून खोडलं, ३३६ लिहिलं. सरांनी बरोबरची खूण केली." ती लाल खूण माझी. त्याच्या वहीत आजही असेल. मी समोर उभा राहून "समजलं का?" विचारलं होतं आणि तो "हो" म्हणणाऱ्यांत होता, हेही कागदावर होतं.

जे आपल्याला ऐकू येत नाही

मराठवाड्यात शाळेची भाषा आणि लेकरांची भाषा एकच असते असं धरून चालता येत नाही. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू कानावर पडते, उमरगा-उदगीरकडं कन्नड. शहरात आणि बऱ्याच मोठ्या गावांत दखनी. शिकवणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर वर्गातली निम्मी कुजबुज त्याच्या दृष्टीनं निव्वळ गडबड असते.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटातल्या, एका शाळेत मी असाच बघायला गेलो होतो. सोबत एक बंजारा समाजातले शिक्षक होते. बाईंनी धड्यावर प्रश्न विचारला, खिडकीजवळची एक पोरगी खाली मान घालून बसली. बाईंनी दुसरीला विचारलं. माझ्या कागदावर मी "उत्तर नाही" लिहिलं. सोबतच्या सरांच्या कागदावर होतं: "शेजारणीला बरोबर उत्तर सांगितलं, गोरमाटीत. मराठीत बोलली नाही." दोघंही त्याच भिंतीला टेकून बसलो होतो. त्या दिवसापासून तांड्याच्या शाळेत जाताना भाषा येणारं माणूस सोबत असेल असंच बघतो. शिक्षकच पाहिजे असं नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दहा मिनिटं दारात बसल्या तरी बरंच सांगतात, फक्त विचारावं लागतं.

तास झाल्यावरचं बोलणं

बोलणं त्याच दिवशी, पंधरा मिनिटांत. दुसऱ्या दिवसावर टाकलं की राहतं. कार्यालयात सगळ्यांच्या देखत नाही. आणि गाडीवर तर अजिबात नाही. आपल्यातले बरेच जण तालुक्याहून जोडीनं मोटारसायकलवर अप-डाउन करतात, वाटेत बोलू म्हणतात. निम्मं बोलणं वाऱ्यात जातं, कागद बघता येत नाही आणि मागं बसलेल्याला पुढच्याचा चेहरा दिसत नाही.

आधी बोलायचं ते ज्याचा तास होता त्यानं. मग कागद. मग एक प्रश्न. आमचं त्या दिवशीचं बोलणं साधारण असं झालं:

"सर, आधी तुम्ही सांगा. कसं वाटलं?"

"बरा झाला की. वजाबाकी सगळ्यांची बरोबर आली."

मॅडम काही बोलल्या नाहीत. कागद माझ्याकडं सरकवला आणि पाण्याची बाटली उघडली. मी तो कोपरा दोनदा वाचला.

"हा असं करायला लागलाय, ते मला दिसलंच नाही."

"तुम्ही फळ्याकडं होता."

"घरी कोणी बघत नाही हो या लेकराचं."

"ते राहू द्या. ४६४ आलं तेव्हा तो काय विचार करत असेल?"

त्यांच्या शेवटच्या वाक्यानं माझी वाट बंद केली, हे बरं झालं. घर, गाव, पालक, मागच्या वर्षीचे शिक्षक ही आपली ठरलेली पळवाट आहे. बघणाऱ्यानं तिथं नम्रपणे दार लावायचं आणि पुन्हा कागदावर यायचं. आणि "तुम्ही असं करायला पाहिजे होतं" हे वाक्य गिळायचं. मॅडमकडं त्या वेळी तोडगा असणारच, त्या दुसरीला गठ्ठे-सुटे, म्हणजे दशक-एकक, रोज करतात. त्यांनी सांगितला नाही. पाच मिनिटांनी मीच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, खेळातल्या नोटा देऊन बघा. पाचशे तीन रुपये, म्हणजे शंभराच्या पाच नोटा आणि तीन नाणी, दहाची एकही नाही. आता मला एकशे सदुसष्ट द्या म्हणा. शंभराची नोट मोडल्याशिवाय देताच येत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या पोरानं बाजारातल्यासारखी नोट मोडून दिली आणि वर म्हणाला, "सुट्टे आणायचे असते सर."

बोलणं संपताना पुढच्या आठ दिवसांत बदलायची एकच गोष्ट ठरवायची. तीन ठरवल्या की एकही होत नाही. ज्याचा तास त्यानंच ती आपल्या हातानं त्या कागदाच्या पाठीमागं लिहायची.

नुसतं "छान, छान" म्हणणारा पाहुणा भेटला तर चिडू नका. त्याला वस्तू विचारा: "त्या तिघांच्या वहीत काय होतं?" पुढच्या वेळी तो वह्या बघतो. उलट टोकाचा असेल, म्हणजे यादीच घेऊन बसला, तर "यातलं माझ्या प्रश्नाचं कोणतं?" एवढंच म्हणायचं. आणि मुख्याध्यापकांनी किंवा केंद्रप्रमुखांनी कागद मागितला तर आम्ही काय करून बघतोय ते मोकळेपणानं सांगतो, कागद दाखवत नाही. एकदा तो फायलीला लागला की पुढच्या वेळी बघणारा पेन जपून चालवणार.

दोघांवरून पाच-सहांवर

दोघांचं बस्तान बसल्यावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे नेता येतं, पण आदर्श पाठ म्हणून नाही. तीस शिक्षक एका वर्गात कोंबून एकानं नटूनथटून शिकवायचं, यात लेकरं बिचारी नाटकातली पात्रं होतात. जपानमध्ये मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, शिक्षक गटानं एक पाठ मिळून तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे लेकरं बघतात, मग पाठ दुरुस्त करून दुसरा कोणीतरी दुसऱ्या वर्गात शिकवतो. पाठ सगळ्यांचा असल्यामुळं फसला तर एकट्याची मान खाली जात नाही. आम्ही पाच जणांनी एकदा तसं केलं. प्रत्येकाकडं बघायला तीनच लेकरं. दुसऱ्यांदा शिकवायचं मात्र राहिलं, परीक्षा आल्या.

आणि परतफेड विसरू नका. पंधरा दिवसांच्या आत तुम्ही त्यांच्या वर्गात गेलं पाहिजे, त्यांनी बोलावलं तर. नाहीतर ते एकतर्फी उपकार होतात आणि पुढच्या वेळी तुमचाच पाय अडखळतो.

कोऱ्या चौकोनांसाठी मी रिकाम्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. प्रश्न विचारायचा, मग चिठ्ठी काढायची. तीन आठवड्यांनी मॅडम पुन्हा आल्या, तोच प्रश्न, तोच नकाशा. ३१ मधल्या १९ चौकोनांत रेघा होत्या. मी खूश. पण उजव्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "चिठ्ठी निघायच्या आधी दाराजवळची रांग श्वास रोखून बसते." आणि त्याखाली एका पोरीचं शेजारणीला म्हणणं जसंच्या तसं: "मला येत नाही तर सर मलाच कामून इचारायलेत?"

आता प्रश्न विचारला की आधी शेजाऱ्याला उत्तर सांगायला अर्धा मिनिट देतो, मग डबा उघडतो. श्वास रोखणं कमी झालंय असं मला वाटतं. मॅडम गुरुवारी येणार आहेत, दुसऱ्या तासाला. प्रश्न लिहून ठेवलाय: चिठ्ठी निघाल्यावर ज्याला येत नाही, त्याच्याकडं मी किती वेळ बघतो आणि मग काय करतो?